जनीला वाचून दाखवलेली गोष्ट

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. माझ्या घरातल्या डाळीच्या डब्यापासून दवाखान्याच्या फाइलपर्यंत सगळं ठाऊक असलेल्या मैत्रिणीलाही नाही. तुम्ही पहिले. आणि बघा, तुम्हाला सांगायचं ठरवलं तरी मी नवरा, मैत्रीण आणि डाळीचा डबा करत बसले. एरवी मी अशी नाही हो. भर मिटिंगमध्ये लोकांना 'मुद्द्यावर या' म्हणणारी बाई आहे मी. पण या एका गोष्टीपाशी आले की माझे पाय भलतीकडेच वळतात.

तेव्हा आधी धंदा सांगते. तो सांगितल्याशिवाय चूक कळणार नाही. मी मूल्यमापन करते. म्हणजे एखादी संस्था खेड्यापाड्यांत काम करते, तिला मदत करणारे कधीतरी विचारतात, की बाबांनो, उपयोग झाला का? ते बघायला त्रयस्थ माणूस पाठवतात. ती त्रयस्थ मी. जन्म मुरबाडचा, वडील शाळामास्तर, आता राहते कल्याणला. सुरुवातीची बरीच वर्षं मी छापील प्रश्नावली घेऊन हिंडले. हो की नाही, खूण करा. बायका 'हो' म्हणायच्या. कशालाही हो. डोक्यावर हंडा घेऊन उभी असलेली बाई पाहुणीला लवकर वाटेला लावायचं म्हणून हो म्हणते, एवढं कळायला मला अर्धं आयुष्य लागलं.

मग एका शिबिरात मला गोष्टींची रीत भेटली. स्त्रीवादी रीत म्हणतात तिला. नाव जड आहे, काम साधं. प्रश्न विचारायचे नाहीत, गोष्ट मागायची. कोणती सांगायची हे सांगणारीने ठरवायचं. गोष्ट तिची – संस्थेची नाही, माझी तर नाहीच. लिहून झाली की तिच्यापुढे बसून वाचून दाखवायची. ती 'बरोबर' म्हणाली तरच कागद पुढे जाणार, नाहीतर तिथेच फाडायचा. आणि मूल्यमापनवालीने टेबलामागे बसायचं नाही, बायकांमध्ये बसायचं, जमिनीवर. मी अक्षरशः या रीतीच्या प्रेमात पडले. आजही आहे. ते खोटं नव्हतं, एवढं लक्षात ठेवा.

त्यात मी माझी एक भर घातली होती. गोष्ट सांगून झाली की ऐकणाऱ्यांपैकी जिला त्यात स्वतः दिसेल तिने म्हणायचं, 'ह्यात मी आहे,' आणि बसल्या जागेवरून हातभर पुढे सरकायचं. का, कशी, सांगायची सक्ती नाही. नुसतं सरकायचं. चांगली गोष्ट असली की मोठं रिंगण बघता बघता लहान होतं, गुडघ्याला गुडघे लागतात. शहाणी, शिकलेली माणसं मला विचारायची, हे कुठून सुचलं तुम्हाला? मी लाजल्यासारखं करायची. आतून फुगायची.

तर – शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवर एका संस्थेचं काम होतं. प्रत्येक पाड्यात दोन बायका निवडायच्या, त्यांना शिकवून तयार करायचं. त्यांना म्हणायचे सोबतीण. कुणी बाळंत होणार असेल, कुणाला घरात मारहाण झाली असेल, कुणाला कचेरीत जायचं असेल, तर सोबतीण तिच्याबरोबर जाणार. एकटी कुणी जायचं नाही. सोबतिणीकडे एक निळी पिशवी – स्वच्छ कापड, साबण, बॅटरी, गाडी बोलवायचा नंबर घातलेला फोन. सुंदर काम होतं. संस्थेच्या प्रमुखांना आम्ही सगळे मोठ्या ताई म्हणतो. मला पहिलं काम त्यांनी दिलं होतं. तेव्हा या मूल्यमापनाला मला बोलावलं, ते काही अगदी त्रयस्थ म्हणून नव्हे, हेही सांगून टाकते.

तानसा तलावाच्या अंगाला, मोठ्या गावाच्या कडेला, एक कातकरवाडी आहे. तिथे जनी भेटली.

जनीचं काय सांगू तुम्हाला? वय विचारलं तर म्हणाली, 'तुमीच लिवा, तुमाला जमंल तेवढं.' अंगाने काटकुळी, आवाज मात्र ओढ्यापलीकडे पोचेल असा. ती सोबतीण नव्हती. तिला कुणी निवडलं नव्हतं. ती कडेला बसून तीन बायकांच्या गोष्टी ऐकत होती आणि माझं लिहिणं बघत होती. मग म्हणाली, 'मॅडम, तुमी ऐकता का लिवता? येक काय ते करा.' मी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं शिबिरं करून मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते तिने सांगितलं. आणि मग तिने तिची गोष्ट सांगायला घेतली.

लावणी नुकतीच उरकली होती. जनीची धाकटी बहीण मंगी बाळंतपणाला तिच्याकडे आली होती. त्या दिवशी शहापूरला संस्थेचा मेळावा होता. सगळ्या पाड्यांच्या सगळ्या सोबतिणी एकाच दिवशी बोलावल्या होत्या. सकाळी टेम्पो आला. आमच्या पाड्याच्या दोघी सोबतिणी, बारकी नावाची एक आणि दुसरी, नवी लुगडी नेसून बसल्या. निळी पिशवीही गेली – तिथे मांडून दाखवायची होती. फोन पिशवीत. टेम्पो वळणाआड गेला आणि मंगीला कळा सुरू झाल्या. बापे, बाया सगळे कामावर. पाड्यात दोन म्हाताऱ्या, लेकरं आणि जनी. मोठ्या गावात धावत जाऊन फोन करावा तर मंगीला कुणाच्या हवाली सोडणार? जनीने घोंगडी बांबूला बांधून झोळी केली, मंगीला तीत घातलं. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला दोन म्हाताऱ्या. डांबरी रस्ता गाठायच्या आत सागाच्या झाडाखाली मंगी बाळंत झाली. मुलगा होता. त्याने श्वास घेतला नाही. नाळ जनीने कापली. पोराला पदरात बांधलं, मंगीला उचलून रस्त्यावर आणलं आणि दुधाची गाडी आडवी उभी राहून थांबवली. मंगी वाचली.

संध्याकाळी टेम्पो परत आला. बायका गाणी म्हणत होत्या. 'मी कोनाला काय बोलली नाय,' जनी म्हणाली. 'त्यांना काय म्हाईत? त्या सोबतीवरचं भाषान ऐकाय गेल्या व्हत्या.' ती हे टोमणा म्हणून नाही बोलली. जसं झालं तसं सांगत होती.

तिसऱ्या दिवशी तिने सगळ्या बायकांना बसवलं आणि एक रीत घालून दिली. कुणाचंही बोलावणं येवो, कुठेही कामाला जायचं असो, रोज एक बाई पाड्यात राहणार. पिशवी तिच्या घरात. तिच्या दाराच्या मेढीला, खांबाला, लाल फडकं. लहान पोरालाही कळावं आज कुठे धावायचं ते. बाकीच्या बायका रानातून येताना तिच्या वाटची काटकी, तिच्या वाटच्या चिंबोऱ्या, ओढ्यातले खेकडे, आणून देणार. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सुचवलं नव्हतं. आपल्या बहिणीचं पोर पुरून आलेल्या बाईने तिसऱ्या दिवशी हे केलं. मी अनेक कार्यालयांत अनेक हुशार माणसांबरोबर बसले आहे हो. असं नेमकं काही कुणाला सुचलेलं मी पाहिलेलं नाही.

शेवटी तिने माझ्याकडे बघून एकच मागणं मागितलं. 'संस्थेला सांगा, येके दिवशी समद्या सोबतिनी बोलवत नका जाव. येक घरी ऱ्हाऊ द्या. आमच्या पाड्यानं केलं, बाकीच्या पाड्यांना कोन सांगल?' त्यासाठीच तिने गोष्ट सांगितली होती. नाहीतर मेलेल्या लेकराची गोष्ट अनोळखी बाईपुढे कोण कशाला काढेल?

'सांगून झाली,' ती म्हणाली. रिंगणात कुणी हलेना. आणि माहीत आहे, सगळ्यांच्या आधी कोण म्हणालं 'ह्यात मी आहे'? मी. डोळे पुसत म्हणाले आणि हातभर पुढे सरकले. माझंही एकदा पोटातलं मूल राहिलं नव्हतं, ते मनात आलं. माझ्या मागून बारकी सरकली, तोंडात पदर धरून. मग मंगी, ती तेव्हापासून जनीकडेच राहत होती. त्या दिवशी पुढे सरकण्यात माझं काहीच जात नव्हतं, म्हणून इतक्या चटकन सरकले. हे मला फार उशिरा कळलं.

आता त्याच्याजवळ येतेय. थांबा.

घरी येऊन मी गोष्ट तिच्या शब्दांत वहीत उतरवली. एकही शब्द न बदलता. मग अहवाल टाइप करायला बसले. तीन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी जनीची गोष्ट अर्ध्या पानाची झाली होती. त्यात मेळावा नव्हता. टेम्पो नव्हता. सागाखालचं पोर नव्हतं – त्याऐवजी 'एक अडचणीचा प्रसंग' होता. आणि पुढे असं होतं, की संस्थेच्या प्रशिक्षणातून आत्मविश्वास मिळालेल्या जनीबाईंनी पाड्यात लाल फडक्याची पद्धत सुरू केली. जिला एक दिवसाचंही प्रशिक्षण मिळालं नव्हतं ती जनी! आणि शेवटचं तिचं ते मागणं – ते मी आधी एका ओळीत ठेवलं, मग कंसात टाकलं, मग कंसासकट काढलं.

मला हे करायला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणाल, वरून दबाव आला असेल. नाही. मोठ्या ताईंनी तोवर एक ओळ वाचली नव्हती. कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निम्मा दोष तिकडे ढकलता आला असता. मग का केलं? ताई दुखावतील म्हणून? काम बंद पडेल ही भीती? ही सगळी कारणं मी स्वतःला वर्षानुवर्षं पाजली. त्याखालचं खरं असं, की मला माझी रीत जिंकलेली हवी होती. गोष्टींनी मूल्यमापन होतं, ते सुंदर होतं, ते वाचून मोठमोठी माणसं हळवी होतात, हे मला दाखवायचं होतं. त्यासाठी गोड गोष्ट लागत होती. जनीची गोष्ट गोड नव्हती. मी तिला गोड केली.

आणि हेही अजून मूळ पाप नव्हे. कारण नियम होता ना – वाचून दाखवायचं.

मी वाचून दाखवायला गेले. जनी ओट्यावर बसून डहाळ्यांवरचा पाला ओरबाडत होती. मला बघून हात पुसले, मंगीला हाक मारली – 'इकडं ये गो, आपली गोष्ट वाचतात.' आपली गोष्ट. दोघी बहिणी समोर बसल्या. मी पिशवीतून टाइप केलेला कागद काढला, डोळ्यांसमोर धरला आणि वाचायला लागले.

फक्त कागदावर होतं ते वाचलं नाही. जनीने सांगितली होती ती गोष्ट वाचली. सगळी. टेम्पो, निळी पिशवी, घोंगडी, साग, पोर, दुधाची गाडी. मला ती पाठ झाली होती. नजर छापील ओळींवरून फिरवत होते आणि तोंडाने तिची वाक्यं म्हणत होते, तिच्याच लकबीत. मधे एकदा अडखळल्याचं नाटकसुद्धा केलं. मंगी रडली. जनीने तिच्या पाठीवर हात ठेवला. शेवटचं मागणंही मी म्हणाले – येके दिवशी समद्यांना बोलवत नका जाव. जनीने मान हलवली. 'बरोबर,' म्हणाली. 'आसंच झालं.'

मग कागद हातात घेतला. उलटा केला, मागची बाजू कोरी होती. परत सुलटा केला आणि म्हणाली, 'येवढ्याशा कागदात मावली?'

तिला वाचता येत नव्हतं. पण किती बोललं की किती लिहिलं जातं, याचा अंदाज तिला होता. पहिल्या दिवशी ती कडेला बसून माझं लिहिणं बघत होती ना! त्या क्षणी मला सांगता आलं असतं. कागद फाडता आला असता, नियमच होता तसा. मी म्हणाले, 'बारीक अक्षर आहे.'

ती हसली. तिच्या बोटांना पाल्याचा हिरवा चीक लागला होता. लुगड्याला नीट पुसून तिने सही केली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली दोन अक्षरं. ज. मग थोडं थांबून, वेलांटीची जागा शोधून, नी. मी बसमध्ये बसेपर्यंत त्या कागदाकडे पाहिलं नाही.

पुढचं सगळं छान झालं. अहवाल आवडला. मुंबईच्या एका गार सभागृहात मी जनीची गोष्ट – छोटी, गोड – सांगितली. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. एका बाईने मला मिठी मारली. गोष्टींची पुस्तिका निघाली, तिच्या मुखपृष्ठावर लाल फडकं. आणि शहापूरचे मेळावे पूर्वीसारखेच, सगळ्या सोबतिणींना एकाच दिवशी बोलावून, होत राहिले. का नाही होणार? कुणाला काय ठाऊक?

पुढच्या वर्षी मेळाव्याच्या दिवशी सिद्धगडाच्या पायथ्याला, मुरबाडच्या एका पाड्यावर, एका मुलीला कळा आल्या. तिथल्या दोघी सोबतिणी शहापूरला. पिशवी शहापूरला. मुलगी वाचली. मूल नाही.

मला हे मोठ्या ताईंनी सांगितलं, त्यांच्या कचेरीत, चहा पिताना. त्या खचल्या होत्या. त्यांनी त्याच आठवड्यात मेळाव्यांची रीत बदलून टाकली होती – प्रत्येक पाड्यातली एक सोबतीण येणार, एक घरी राहणार. दहा मिनिटांचं काम होतं. ना संस्था बुडाली, ना कुणी रागावलं. ताई मला म्हणाल्या, 'इतकी साधी गोष्ट गं. आपल्याला आधी कुणी कशी नाही सांगितली?' त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी बिस्कीट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं. मी चमच्याने तुकडे काढत बसले, आणि ताईंनी विषय बदलला.

जनीचं सांगते. तिला मुरबाडची बातमी लागली तेव्हा ती आणि बारकी एस.टी.ने निघाल्या. मुरबाडला उतरून पाड्यापाड्यांत चालत गेल्या. त्या मुलीच्या घरी आधी. मग आजूबाजूला. जातील तिथे बायकांना बसवायच्या, गोष्ट सांगायच्या, आणि निघताना लाल फडक्याचा एक तुकडा ठेवून यायच्या. तिकडे उंबरमाळीच्या डोंगरातल्या पाड्यांवरही जाऊन आल्या म्हणे. माझ्या अहवालाने जे काम करायला हवं होतं ते त्या दोघींनी पायी केलं. आणि रिंगणाची माझी ती रीत – हातभर सरकायची – तीही बरोबर नेली. माझ्यापेक्षा चांगली चालवली. मी 'ह्यात मी आहे' नंतर टाळ्या वाजवायला लावत असे. जनीने टाळ्या काढून टाकल्या. बाई सरकली की नुसतं तिच्याकडे बघायचं. किती बरोबर आहे ते!

मागल्या पावसाळ्यात मी पुन्हा त्या पाड्यावर गेले. संस्थेने दुसऱ्या फेरीचं मूल्यमापन दिलं होतं, तेही मलाच. समाजमंदिरात वीस-बावीस बायका. मी रिंगण घालायला उठले तर जनी म्हणाली, 'बसा तुमी. आता आमी चालवताव.' मी बसले. तिने स्वतःच पहिली गोष्ट घेतली.

येक बाय व्हती, अशी सुरुवात. एक बाई होती, ती लोकांच्या गोष्टी लिहून न्यायची. लिहायची चांगलं. आली की पोरांना गोळ्या आणायची. एकीने तिला आपली गोष्ट दिली. बाईने ती वाचून दाखवली, अशी वाचली की ऐकणारीला वाटलं आपणच बोलतोय. मग दिवाळीच्या सुट्टीत भाची आश्रमशाळेतून घरी आली. घरात ते संस्थेने वाटलेलं लाल फडक्याचं पुस्तक होतं. मावशी म्हणाली, आपली गोष्ट वाच. भाचीने वाचली. मावशी म्हणाली, पुढचं वाच. भाची म्हणाली, पुढं काय नाय. मावशीने तिला तीनदा वाचायला लावलं. मावशीला वाटलं, पोरीला नीट येत नाही वाचता. तिने पोरीच्या डोक्यात टपली मारली. मग तेच पुस्तक घेऊन ती मास्तरकडे गेली. मास्तरनेही तेवढंच वाचलं.

'पोरीला उगाच मारलं,' जनी म्हणाली. 'त्याचं वाईट वाटतं. सांगून झाली.'

नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. तिला राग नव्हता असं मी म्हणणार नाही, तिच्या रागाबद्दल बोलायचा मला हक्क नाही. तिने फक्त माझीच रीत वापरली – जसं झालं तसं सांगितलं आणि जागा मोकळी ठेवली.

बारकी म्हणाली, 'ह्यात मी हाय.' आणि सरकली. 'मी त्या दिवशी शहापूरला वडा खाल्ला,' ती म्हणाली, कुणी विचारलं नसताना. इतकी वर्षं तो वडा तिच्या गळ्याशी होता. मंगी सरकली. भाची आता मोठी झालीय, तीही सरकली – 'ह्यात मी हाय, ती गोष्ट मीच वाचली.' एकेक करत पाच-सहा जणी सरकल्या. ज्यांचा काही संबंध नाही असं मला वाटत होतं त्याही. 'आमी गानी म्हनीत व्हतो.' 'मी घोंगडी सोडली व्हती, हात दुखला म्हनून.' ती म्हातारी, बांबूच्या टोकाची.

मग सरकणं थांबलं. जनी वाट बघत होती. नियम तिला माहीत होता, मला माहीत होता, मीच तर केला होता. हातभर अंतर. तीन शब्द. बायकांच्या शिबिरांत धीर धरा, बोला, तोंड उघडा म्हणून सांगत मी गावोगाव फिरले आहे. आणि मी पुढ्यातल्या रेकॉर्डरच्या लाल दिव्याकडे बघत बसले. किती वेळ? माझ्याकडे ते ध्वनिमुद्रण आहे. त्यात पत्र्यावर पडणारा पाऊस ऐकू येतो, कुणाचंतरी लेकरू खोकतं, आणि बाकी काही नाही.

'बरं,' जनी म्हणाली. 'च्या ठेवा गो.'

चहा आला. पहिला कप तिने मला दिला, बशीसकट. निघताना माझ्या पिशवीत करटोली घातली, पुन्हा पुन्हा मूठभर वाढवत. म्हणाली, 'सांबाळून जा, वाट निसरडी हाय.' मी घरी आले, ती करटोली केली, आम्ही जेवलो. नवरा म्हणाला, भाजी छान झालीय. मी हो म्हणाले.

माझ्याकडे दोन कागद आहेत. एक टाइप केलेला, अर्ध्या पानाचा, खाली ज आणि नी. दुसरा वहीतला, पाच पानांचा, त्याच्या शेवटी तिचं मागणं. दोन्ही मी मोठ्या ताईंच्या टेबलावर ठेवून येणार आहे, या लिहिण्यासकट. त्याआधी पाड्यावर जाणार आहे. हे लिहिलेलं जनीपुढे वाचायचं आहे – भाचीला शेजारी बसवून, तिला प्रत्येक ओळीवर बोट ठेवायला लावून, कागदावर आहे तेवढंच. जनी 'बरोबर' म्हणेल की कागद फाडेल, ते तिचं.

सांगून झाली. ह्यात मी आहे.